को-पायलटची सीट विकायला काढलीय, त्याबद्दल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पायलट व्हा म्हणून जाहिराती आणि करिअर पुरवण्या हल्ली भरभरून येतायत. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली, इंडिगोने ५०० ची, मग पायलट लागणारच, असं त्यात असतं आणि ते खोटं पण नाही. पण २०० तास फ्लाइंग करून सीपीएल (म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स) हातात आल्यावर पुढे काय होतं ते कोणी छापत नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या भाचीने सीपीएल केलं. घरावर लोन काढून फ्लाइंग झालं, डीजीसीएचे (म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे) पेपर, आरटीआर (विमानाच्या रेडिओवर बोलायचं लायसन्स), मेडिकल सगळं झालं, तरी नोकरी नाही, कारण एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग (त्या एका प्रकारचं विमान उडवायची वेगळी परवानगी) पाहिजे आणि ते स्वतःच्या खर्चाने करा, म्हणजे अजून वीसेक लाख. तेही केलं. मग एका एजंटने पीडीएफ पाठवली, ती मी स्वतः वाचलीय. परदेशातल्या एका एअरलाइनमध्ये ५०० तास लाइन ट्रेनिंग, म्हणजे सिम्युलेटर नाही, खरं विमान, मागे दीडशे-पावणेदोनशे तिकीट काढलेली माणसं, आणि उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसून उडवायचे पैसे आपण भरायचे. पगार नाही. राहणं-खाणं आपलं. भरलेले पैसे परत नाहीत. आणि अगदी शेवटी बारीक अक्षरात, ५०० तासांनंतर नोकरीची हमी नाही.

घरात तेवढे पैसेच उरले नव्हते म्हणून ती गेली नाही. तिच्या बॅचचा एक मुलगा गेला, तास भरले तसा त्याला परत पाठवला आणि त्याच सीटवर पुढचा पैसेवाला बसवला! कंपनीच्या बाजूने बघा, को-पायलटवर खर्च करायच्या ऐवजी त्याच्याकडूनच पैसे येत असतील तर कायमचा माणूस पगारावर घेईलच कशाला? जितकी मुलं पैसे भरणार तितक्या पगारी जागा कमी, आणि जागा कमी म्हणून अजून मुलं पैसे भरणार. मुलांना हे कळत नाही असं नाही, पण ईएमआय थांबत नाही ना. घरी आल्यावर रेटिंग चालू ठेवायचं तर ठरावीक मुदतीत सिम्युलेटर चेक, त्याचे परत पैसे. त्यात २०१२ ला किंगफिशर बंद पडली, २०१९ ला जेट, २०२३ ला गो फर्स्ट, दर वेळी हजारो तास उडवलेले लोक बाजारात येतात, त्यांच्यापुढे ५०० तासवाल्याला विचारतो कोण.

काही जण म्हणतात शिकायचं तर फी भरावीच लागते. शिकायची भरा की, फ्लाइंग स्कूलची सगळे भरतातच. पण एमबीबीएस झालेल्या डॉक्टरकडून हॉस्पिटल पेशंट तपासायचे पैसे घेतं का?

आणि हा फक्त मुलांच्या पैशाचा प्रश्न नाही. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. स्टॉलची (वेग कमी पडून पंखांची उचल जाते त्याची) वॉर्निंग आली तेव्हा कॅप्टनने नाक खाली करायच्या ऐवजी कंट्रोल मागे ओढला. या कॅप्टनने आधी गल्फस्ट्रीम इंटरनॅशनल नावाच्या छोट्या एअरलाइनमध्ये पैसे भरून को-पायलटचे तास मिळवले होते, शिवाय तो आधी बऱ्याच चेकमध्ये नापास झालेला होता. अपघात त्या कोर्समुळेच झाला असं मी म्हणणार नाही, पण जो गिऱ्हाईक आहे त्याला नापास करून घरी पाठवणं कंपनीला किती जड जात असेल याचा विचार करा. आणि जो कर्ज काढून बसलाय तो, मी आज दमलोय, उडवणार नाही, असं कॅप्टनला सांगेल का? २०१५ मध्ये बेल्जियमच्या गेन्ट विद्यापीठाने युरोपातल्या हजारो पायलटांना विचारून अहवाल काढला, त्यात हा पे-टू-फ्लायचा, म्हणजे पैसे भरून उडवायचा प्रकार पण आलाय, म्हणजे तिकडेही दुखणं तेच. अमेरिकेत मात्र २०१३ पासून को-पायलटलाही साधारण १५०० तासांची अट आली, पायलट कमी पडायला लागले आणि तिथल्या छोट्या एअरलाइन्स स्वतःच्या खर्चाने टाइप रेटिंग करून वर बोनस द्यायला लागल्या. म्हणजे कंपन्यांना परवडतं, फक्त भाग पाडायला लागतं.

२०१७ मध्ये आपल्या डीजीसीएने नियम केला, को-पायलटने नोकरी सोडायची तर ६ महिन्यांची नोटीस, कॅप्टनने १ वर्षाची. कंपन्यांची अडचण बघून नियम होतो, तर मुलांसाठी का नाही? प्रवासी विमान उडवणाऱ्या कोणाकडूनही त्या उडवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. टाइप रेटिंग कंपनीने करावं, हवं तर दोन-तीन वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड घ्यावा, मुलं आनंदाने सही करतील. आणि कोटीच्या घरातल्या फीच्या कॅडेट स्कीम (एअरलाइनच्या नावाने चालणारं पायलट ट्रेनिंग) चालतात त्यांनी किती मुलं घेतली, किती जणांना खरंच नोकरी दिली आणि किती दिवसांनी, हे दर वर्षी वेबसाइटवर टाकायची सक्ती करावी. तुमच्या पेपरने डीजीसीएकडे आणि एअरलाइन्सकडे हे आकडे मागावेत आणि बारावीचा निकाल लागायच्या आत छापावेत, कारण लोनचे फॉर्म त्याच महिन्यात भरले जातात.

आपला,
एका पायलट मुलीचा मामा, सातारा
(भाचीचं करिअर अजून सुरू व्हायचंय, कृपया नाव छापू नये.)