एका रात्रीत सहा सर्टिफिकेटं

ती. आई-बाबांना सा. न., अथर्वला एक टपली.

व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लांब टाकलं की बाबा अर्ध्यात अंगठा दाखवून मोकळे होतात, म्हणून मेल करतेय. अथर्व, स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून दे त्यांना, आणि द्यायच्या आधी स्वतः वाच, निम्मं तुझ्यासाठीच आहे.

परवा आई म्हणाली, तू तिकडे शिकवतेस म्हणतेस पण नक्की काय शिकवतेस ते मला समोरच्या काकूंना सांगता येत नाही. आई, मलाही धड सांगता येत नाही गं. माझं एमएस स्टॅटिस्टिक्सचं, पण फी माफ होते म्हणून जे काम घेतलंय ते वेगळंच आहे, फर्स्ट इयरच्या पोरांना एक क्रेडिटचा छोटा कोर्स असतो, आठवड्यातून एकदा, त्याची एक बॅच माझ्याकडे आहे, २४ पोरं. त्यात गणित नाही, इंग्लिश नाही. नोट्स कशा काढायच्या, वेळ कसा बसवायचा, परीक्षेची तयारी, अडलं तर कुणाकडे जायचं, असलं सगळं. काकूंना सांग की कॉलेजात टिकायचं कसं ते शिकवते. हसतील त्या, मीही हसलेले पहिल्यांदा.

बाबा, तुम्हाला आवडेल असं एक, हा सगळा प्रकार आंदोलनातून निघालाय. १९७० मध्ये साउथ कॅरोलिना युनिव्हर्सिटीत पोरं एवढी भडकली की प्रेसिडेंटच्या ऑफिसच्या इमारतीत घुसली, व्हिएतनामचे दिवस होते ते. त्यानंतर तिथल्या लोकांनी विचार केला की नवीन पोरांची आणि कॉलेजची आपण कधी नीट ओळखच करून देत नाही, आणि १९७२ मध्ये ‘युनिव्हर्सिटी १०१’ नावाचा कोर्स सुरू झाला. आता अशा कोर्सची भावंडं अमेरिकाभर आहेत, माझा त्यातलाच एक.

तर या कोर्समध्ये ऑनलाइन वर्कशॉप्स असतात. वर्कशॉप म्हणजे हॉल, माइक, चहा-बिस्किट असलं काही नाही, लॉगिन करायचं, अर्ध्या तासाचा व्हिडिओ, मधे मधे प्रश्न, शेवटी सर्टिफिकेटची पीडीएफ. पोरं रात्री दोनला बघोत नाहीतर बसमध्ये. नोकरी करणाऱ्यांना हे बरं पडतं कारण दुपारी चारला मुद्दाम या म्हटलं तर ते येऊच शकत नाहीत.

गेल्या वर्षी मी काय केलं, पहिल्याच दिवशी सहाच्या सहा लिंक टाकून दिल्या, डिसेंबरपर्यंत सर्टिफिकेटं द्या आणि एक्स्ट्रा मार्क घ्या. ऑक्टोबरात शांतता, नोव्हेंबरात शांतता. शेवटच्या रात्री एकाने सहाही पाठवली. मी वेळा बघितल्या तर पहिलं १ वाजून १२ मिनिटांचं, दुसरं १:१५, तिसरं १:१९. आणि त्यातलं एक होतं वेळेच्या नियोजनाचं! एकटीच हसत बसले, मग जरा वाईटही वाटलं, कारण त्याची काय चूक? तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात ते ठीक आहे, पण मी तर तहान लागायच्या आधीच पोरांच्या तोंडात बादली ओतत होते.

अथर्व, तुझं एफवायचं आठव. यूजीसीने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ म्हणून नव्या पोरांच्या इंडक्शनचं काढलं, कल्पना चांगलीच होती. तुमच्याकडे काय झालं, एक दिवस हॉलमध्ये कोंबलं, पाच भाषणं, एक समोसा, जा घरी. इंटरनल बुडलं की काय होतं हे तुला कधी कळलं? बुडल्यावर. तेही कट्ट्यावर सीनियर्सकडून.

यंदा मी क्रम बदलला. नोट्सचं वर्कशॉप तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे वहीत तोवर काहीतरी खरडलेलं असतं. परीक्षेचं पहिल्या टेस्टच्या बरोब्बर आठवडाभर आधी. आणि सर्टिफिकेट नकोच, त्याऐवजी अर्धं पान लिहायचं की यातलं एक काय करून बघितलं आणि ते जमलं की फसलं. फसलं लिहिलं तरी पूर्ण मार्क. पोरांचा आधी विश्वासच बसेना.

वेळेच्या वर्कशॉपात एक तक्ता भरायचा असतो, आठवड्याचे १६८ तास, चौकोन चौकोन. माझ्याकडे एक मुलगा आहे तो गोडाऊनमध्ये रात्रपाळी करतो, ३० तास. झोपेचे ५६ घातले. १२ क्रेडिट म्हणजे वर्गात १२ तास, आणि इथला जुना हिशोब असा की वर्गातल्या एका तासामागे घरी दोन, म्हणजे आणखी २४. झाले १२२. तो म्हणाला मॅडम, उरतात ४६, मग माझे जातात कुठे? (मॅडम मी घातलं, इथे पोरं मला नावाने हाक मारतात, आई तू कपाळाला हात लावू नकोस.) मग आम्ही दोघं शोधत बसलो. लहान भावाला शाळेतून आणणं, आजीला दवाखान्यात नेणं, स्वयंपाक, आणि बसची वाट, नुसत्या बसची वाट बघण्यात नऊ तास! व्हिडिओतल्या बाई सांगत होत्या की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याला मोबाइलचा त्रास नव्हताच, बसचा होता. व्हिडिओ सगळ्यांना एकच असतो, त्याला कुणाची बस कधी येते ते काय माहीत. मग म्हटलं चल, बसस्टॉपवरच काय करता येतं ते बघू.

आणि हे अथर्व तुझ्यासाठी. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी एक प्रयोग केला, काही मुलांना उतारा परत वाचायला दिला, काहींना न बघता आठवून लिहायला. पाच मिनिटांनी तपासलं तर परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे. तू आदल्या रात्री चार वेळा वाचून ‘सगळं येतंय’ म्हणत झोपतोस ना, ते हे पाच मिनिटांवालं येणं. मुलुंड ते सीएसएमटी, वही बॅगेतच राहू दे, कालचं लेक्चर डोक्यात पहिल्यापासून काढत जा. दादरच्या गर्दीत वही उघडायला जागा नसते, आठवायला लागत नाही. चौथी सीट मिळाली तर काय चैनच.

पण सगळ्यात अवघड वर्कशॉप म्हणजे मदत मागायचं. इथे प्रोफेसर आठवड्यात ठरावीक वेळ फक्त पोरांसाठी बसून असतात, त्याला ऑफिस अवर्स म्हणतात, आणि कितीतरी पोरांना वाटतं की ती सरांची ऑफिसची कामं करायची वेळ आहे, तेव्हा जायचं नसतं. मलाही आल्या आल्या तसंच वाटलेलं.

आई, तुला एक कधी सांगितलं नाही. एफवायला मी मॅथ्समध्ये राहिले तेव्हा पेपर कठीण होता म्हटलं, तो होताच. पण त्याआधी तीन वेळा मी स्टाफरूमच्या बाहेर उभी राहून आले होते. दाराला निळा पडदा, पंख्याने हलला की सरांच्या टेबलाखाली काढून ठेवलेल्या चपला दिसायच्या. हातात वही, बोट त्या गणितावर. शिपाईकाका विचारायचे काय काम आहे, मी म्हणायचे काही नाही. तिन्ही वेळा काही नाही.

म्हणून त्या व्हिडिओनंतर मी पोरांना एवढंच सांगते की ऑफिस अवर्सला जाऊन या आणि खोलीतली एक वस्तू लिहून आणा. प्रश्न विचारायची सक्ती नाही. एकीने लिहिलं, सरांच्या टेबलावर अर्धवट विणलेला स्वेटर होता, सर स्वतःच विणतात. ती आता दर आठवड्याला जाते, स्वेटर कुठवर आला बघायला, आणि जाता जाता डाउटही विचारते.

कॅन्सस सिटीत मिसुरी युनिव्हर्सिटीने १९७३ मध्ये जादा शिकवणीची एक पद्धत काढली होती, त्यातली गोष्ट मला फार पटते, त्यांनी कच्ची मुलं निवडली नाहीत, कठीण विषय निवडले. त्या विषयाला बसलेला कोणीही यावा, हुशारही. म्हणजे आत जाणाऱ्याच्या कपाळावर ‘ढ’ लिहिलेलं नसतं. बाबा, तुम्ही अथर्वला क्लास लावणार म्हणताय, लावा, पण ‘केटी लागली, विषय राहिला म्हणून’ असं सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरू नका प्लीज.

आणि अथर्व, दोन केटी आहेत ना, त्यातल्या फिजिक्सच्या सरांकडे या आठवड्यात जाऊन ये. डाउट नसला तरी चालेल. आत काय दिसलं ते एक मला पाठव.

चकल्यांचं पार्सल अजून आलं नाही, ट्रॅकिंगवर हललेलं दिसतंय. आणि हो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे मी दुपारी बाराला फोन केला की तुमच्याकडे साडेनऊ न वाजता साडेदहा वाजलेले असतील. बाबा, तेव्हा झोपू नका.

तुमची,
ताई