लाँग राईड आणि सायलेन्सरची घुमघुम

संपादक साहेब,

बाइकला बाहेरून बसवलेल्या (आफ्टरमार्केट) सायलेन्सरचा आवाज दहा मिनिटं भारी वाटतो हो, पण खरी गंमत लाँग राईडला कळते, तासन्‌तास एकाच आरपीएमवर (इंजिनच्या फेऱ्यांवर) गाडी चालली की जी घुमघुम सुरू होते ती डोक्यात भिनते आणि रात्री झोपतानाही कानात वाजत राहते. त्यात १०० च्या स्पीडला हेल्मेटमधला वाराच ९० डेसिबलच्या वर जातो, आणि कानांसाठी ८ तासांची मर्यादा मानतात ८५ ची! इअरप्लग घालाच, वारा बराच कमी होतो, पण एक्झॉस्टचा खर्जातला आवाज तेवढा थांबत नाही. म्हणून डीबी किलर, म्हणजे सायलेन्सरमधला आवाज कमी करणारा भाग, काढू नका (दुकानदार काढा म्हणतो, त्याला कुठे दिवसभर चालवायचीय) आणि जिथे जास्त घुमतं त्या आरपीएमच्या जरा वर-खाली चालवा. मागे बसणाऱ्यालाही प्लग द्या, पाइप त्याच्याच जवळ असतो.

– एक रायडर