काचेची कड

नौपाडा, ठाणे
बुधवार, रात्री

चि. मुक्ता,

हे पाकीट तुझ्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, ओडोमॉसच्या खाली ठेवतेय. गाडीने कल्याण सोडलं की उघड. आधी वाचलंस तर प्लॅटफॉर्मवरच उत्तर देशील आणि पुन्हा रविवारसारखं होईल.

भांडण उकरून काढायचं नाही असं ठरवून बसलेय. तुझ्या ॲपला मलेरिया ओळखायला शिकवायचे पेशंट आणि त्याची परीक्षा घ्यायचे पेशंट वेगळे केलेस का?

बघ, झालंच. आता आलंच आहे तोंडात, तर नीट सांगते. रविवारी बाबांच्या ताटातली आमटी निवून गेली तरी आपण ओरडत होतो, आणि मुद्दा राहिला बाजूला.

ॲपमधलं तुझं मॉडेल शिकलंय बांगलादेशातल्या चितगावच्या मेडिकल कॉलेज हॉस्पिटलातल्या, रक्ताच्या पेशींच्या फोटोंवर. पेशी २७,५५८, निम्म्या बाधित, निम्म्या निरोगी. पण माणसं किती? मलेरियाची १५० आणि निरोगी ५०. म्हणजे एकेका माणसाच्या सरासरी १३८ पेशी. सगळे फोटो पत्त्यांसारखे पिसून ८० टक्के ट्रेनिंगला आणि २० टक्के टेस्टला असे वाटले, की जवळजवळ प्रत्येक माणूस दोन्ही ढिगांत येऊन बसतो. स्लाइड तीच, रंग तोच, फोनचा कॅमेरा तोच. टेस्टमधली पेशी म्हणजे ट्रेनिंगमधल्या पेशीची सख्खी बहीण. मग ९८ टक्के आले यात नवल काय?

दुरुस्ती एका संध्याकाळची आहे. फाइलचं नाव ‘सी१००पी६१’ अशा तुकड्याने सुरू होतं, पेशंटची ओळख त्यातच आहे. तो तुकडा कापून वेगळ्या कॉलममध्ये घाल आणि सायकिट-लर्न लायब्ररीतलं ग्रुप-के-फोल्ड त्या कॉलमवर चालव, म्हणजे एका माणसाचे सगळे फोटो एकाच ढिगात राहतील. बाधित-निरोगींचं प्रमाण राखायचं असेल तर स्ट्रॅटिफाइड ग्रुप-के-फोल्ड. फोटो फिरवणं, उलटे करणं, रंग हलवणं हे सगळं वाटणी झाल्यावर आणि फक्त ट्रेनिंगच्या ढिगावर. आधी केलंस तर सरळ पेशी इकडे आणि तीच आडवी होऊन तिकडे. थ्रेशोल्ड, म्हणजे किती खात्री झाली की बाधित म्हणायचं ती रेघ, ठरवायला तिसरा ढीग ठेव. टेस्टकडे बघून तो हलवायचा नाही. आकडा खाली येईल. येऊ दे.

तू म्हणालीस, “अल्फाफोल्डवर नाही कोणी असा संशय घेत, २०२४चं नोबेल मिळालं त्यांना.” घेतला की संशय! प्रथिनांचा आकार ओळखायच्या त्या विषयात १९९४पासून दर दोन वर्षांनी कॅस्प नावाची परीक्षा होते. ज्या प्रथिनांचा आकार प्रयोगशाळेत सापडलाय पण अजून जाहीर झालेला नाही, त्यांची फक्त अमिनो आम्लांची माळ देतात आणि सांगतात, काढा आकार. २०२०मध्ये अल्फाफोल्ड तिथे पास झालं म्हणून लोक वळले. पेपर कुणीच आधी पाहिलेला नव्हता. तुझ्या मॉडेलने पाहिलाय, एवढंच मी म्हणत होते. ओरडून म्हटलं, ते चुकलं.

आणि समजा पेशंट वेगळे करूनही ९८ खरे निघाले, तरी ते पेशींचे ९८ आहेत, माणसांचे नाहीत. धुवून वाळवलेल्या फोटोंत निम्म्या पेशी बाधित असतात. तू निघालीस त्या गडचिरोलीतल्या भामरागडच्या काचेवर नसतात. हिशेब कर. रक्ताच्या पातळ थरातल्या ५,००० तांबड्या पेशी बघितल्या, म्हणजे मायक्रोस्कोपखाली एका वेळी दिसणारी साधारण २५ फील्ड. मॉडेल निरोगी पेशींत २ टक्के चुकतं. धडधाकट माणसाच्या काचेवर ते १०० पेशी बाधित म्हणून दाखवेल. ज्याला खरंच मलेरिया आहे आणि हजारात एक पेशी बाधित आहे, त्याच्या काचेवर खऱ्या ५ आणि खोट्या १००. या दोघांतून कोण आजारी ते ओळखून दाखव. ५,०००मागे एकच खोटी हवी असेल तर निरोगी पेशी ओळखण्यात ९९.९८ टक्के लागतात. म्हणून तिथे पोचल्यावर आधी निरोगी लोकांच्या काचा चालवून बघ, एकेका काचेवर किती खोट्या लागतात ते मोज, आणि मर्यादा माणसागणिक ठरव.

तुझं मॉडेल ज्यावर चालतं ते कन्व्होल्युशनचं जाळं कुठून आलं ते तुला ठाऊक आहे, पण माझ्या मनातून ती गोष्ट जात नाही. १९५८ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यूबेल आणि वीझल हे शास्त्रज्ञ मांजरीच्या मेंदूतल्या दृष्टीच्या भागात एकेका पेशीत इलेक्ट्रोड घालून बसले होते. काचेच्या पट्टीवरचा काळा ठिपका पडद्यावर दाखवायचे आणि पेशी ढिम्म. एकदा पट्टी सरकवताना पेशी एकदम कडकडायला लागली. ठिपक्यासाठी नव्हे, काचेच्या कडेची पुसट रेघ पडद्यावरून सरकली, तिच्यासाठी. त्यातून कळलं की या पेशी ठरावीक दिशेच्या रेघा टिपतात. त्यावरून फुकुशिमांनी १९८०मध्ये निओकॉग्निट्रॉन नावाचं आकार ओळखणारं जाळं केलं, आणि पुढे त्याच वाटेने तुझं जाळं. पण ठिपका दाखवला आणि उत्तर आलं कडेला, हे मला विसरता येत नाही. ते दोघं तास न् तास पट्टी सरकवत बसले, म्हणून त्यांना कळलं. तुझं जाळं परजीवी बघतंय की काचेची कड?

तपासणं अवघड नाही. तिथे काढशील त्या फोटोंतली पेशी काळ्या चौकोनाने झाकून उरलेल्या भागावर मॉडेल शिकव. डेटा निम्मा-निम्मा असेल तर ते ५०च्या आसपास लोंबकळलं पाहिजे. ७०-८० आलं, तर ते पार्श्वभूमीचा रंग वाचतंय. तिथे फोटो काढताना बाधित काचा एका फोनवर आणि निरोगी दुसऱ्यावर, असं चुकूनही करू नका. रोज दोन्ही मिसळून काढा. छातीच्या एक्स-रेंवर शिकलेलं एक मॉडेल न्यूमोनियाच्या जोडीला फोटो कुठल्या हॉस्पिटलचा आहे तेही शिकून बसलं होतं. २०१८मध्ये ते छापून आलंय.

सात वर्षांची असताना तू पहिल्यांदा मायक्रोस्कोपच्या आयपीसला डोळा लावलास आणि ओरडलीस, “आई, जंतूंना लांब लांब पाय आहेत!” स्वतःच्याच पापण्या बघत होतीस. डोळा थोडा मागे घे म्हटलं तर रडलीस, कारण पाय गेले. आजी म्हणाली, हिला दाखवू नका, ही नाही ते बघते. अजून हसू येतं. मला वाटतं तेव्हापासूनच मी तुझ्या मागे लागलेय, डोळा मागे घे, डोळा मागे घे.

काचांचं थोडक्यात सांगते, कारण हे तुझ्या लॅपटॉपवर नसतं. पातळ थर मिथेनॉलमध्ये फिक्स करायचा, जाड थर नाही. जिम्सा स्टेनसाठी बफर ७.२ पीएचचा, लीशमन स्टेनसाठी ठेवलेला ६.८चा तिथे वापरला तर व्हायवॅक्स जातीच्या मलेरियाचे बारीक ठिपके दिसतच नाहीत. पातळ केलेला स्टेन गाळून घे, रोज ताजा, उरलेला ओतून दे. मिथेनॉलची बाटली पावसाळी हवेत उघडी राहिली की पाणी ओढते, आणि तांबड्या पेशींत चकाकती भोकं पडतात. स्टेनचा गाळ आणि पेशीवर आडवी पडलेली प्लेटलेट, दोन्ही मलेरियाच्या परजीवीच्या अंगठीसारखे दिसतात. काचा झाकून ठेव, माश्या आणि मुंग्या रक्त खातात. चितगावच्या फोटोंत फॅल्सिपेरम ही दुसरी जात आहे. ठाण्याच्या पावसाळ्यातल्या व्हायवॅक्सची पेशी फुगते, आतला जीव वेडावाकडा पसरतो; ते मॉडेलला शिकवलेलं नाही, म्हणून त्याबद्दल कोणाला शब्द देऊ नकोस.

आशाताईंच्या झटपट टेस्टच्या किटवर पॉझिटिव्ह आणि काचेवर काहीच नाही, असं झालं तर लगेच मॉडेलला दोष नको आणि किटलाही नको. किट परजीवीच्या ज्या एचआरपी-२ प्रथिनाला पकडतं, ते उपचारानंतर काही आठवडे रक्तात राहतं. त्यामुळे प्रत्येक नमुन्यासोबत आधी औषध घेतलंय का हे विचारून लिहा. हा कॉलम तुमच्या फॉर्ममध्ये नाही, मी बघितलाय.

लेक्चर झालं. माफ कर. ‘सॅकमध्ये काय घातलंस’ एवढंच विचारायला बसले होते खरं तर. बाबांनी तुझ्या ॲपबद्दल वॉचमनपासून बंड्यामामापर्यंत सगळ्यांना सांगितलंय आणि मी मान डोलावत उभी असते. वॉचमनला ९८ टक्के पाठ आहेत. मला आवडतं ते ऐकायला, आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो.

दाण्याची चटणी नागपूरपर्यंत पुरव. मच्छरदाणी औषध लावलेली आहे, धुऊ नकोस. झोपताना गादीखाली खोच, अंगठ्याएवढी फट राहिली तरी उपयोग नाही.

नवा आकडा आला की फक्त तो पाठव. ८१ असला तरी पाठव, ७४ असला तरी. बाकी काही लिहायची गरज नाही.

आई

ता.क. थर्मामीटर मधल्या चेनमध्ये आहे. ताप आला तर तुझी काच तुझ्या ॲपला दाखवू नकोस. तिथल्या लॅबवाल्या दादांना दाखव, आणि १०० फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह म्हणू नका म्हणावं.