रोरोसच्या बाजारातल्या अनोळखी मंडळींचे आभार

ऐन हिवाळ्यात आम्ही नॉर्वेतल्या रोरोसला गेलो होतो. 1644 पासून 1977 पर्यंत तांब्याच्या खाणींवर जगलेलं हे लाकडी घरांचं गाव 1980 पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण वारशाने पोट थोडंच भरतं!

शनिवारी संध्याकाळी आम्ही किराणा दुकानातून फक्त ब्रेड घेऊन निघालो होतो. मागच्या आजोबांनी हटकलं, "उद्या रविवार आहे, मोठी दुकानं बंद." मग दूध, अंडी, बटाटे घेतले. आजोबा, तुमच्यामुळे आमचा रविवार उपासाचा झाला नाही.

रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रापाशी एका शाळकरी मुलाने न विचारता शिकवणी घेतली. बाटली गोल भोकात आडवी ठेवायची, यंत्र ती आत ओढून घेतं. मग एक बटण दाबलं की बाटली विकत घेताना भरलेल्या अनामत रकमेची चिठ्ठी मिळते. दुसरं दाबलं की तेच पैसे रेड क्रॉसच्या सोडतीत जातात. आम्ही चिठ्ठी घेतली, ती काउंटरवर दिली, बिल तेवढं कमी झालं. पोरगा भारी हुशार!

आणि त्या बाई. रस्त्यावर नुसता बर्फ, आमच्या दोन्ही हातांत पिशव्या. त्यांच्याकडे तिथली पायाने रेटायची घसरगाडी होती, पुढे लाकडी खुर्ची, मागे दोन लांब पोलादी पट्ट्या. खुर्चीवर आमच्या पिशव्या ठेवल्या, एक पाय पट्टीवर, दुसऱ्याने रेटा देत थेट आमच्या दारापर्यंत! वय सत्तरीच्या पुढचं असावं. आम्हीच मागे धापा टाकत होतो. चहालाही थांबल्या नाहीत.

तिघांचेही मनापासून आभार.