न्हाणीतला उजेड

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, आधी रागवून घ्या, मग वाचा. न्हाणीच्या छतात बसणाऱ्या दोन एलईडी लाइटचं सामान मी घेतलं आहे आणि शनिवारी वायरमन येतो आहे. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "काहून? बल्ब तर चांगला चालते." चालतो हो. पण होल्डर दारामागच्या भिंतीवर. नळाकडे वळलं की आपलीच सावली ओल्या फरशीवर पडते. दिवाळीतलं मी काढत नाही. आईला कळलं.

छत पडेल ही तुमची भीती खोटी नाही. ते जाळीवर हातानं थापलेलं जुनं पीओपी, कुठे पाऊण इंच तर कुठे दीड. जाळीला हिसका बसला की भोकापासून हातभर लांबचा पोपडाही सुटतो. म्हणून छिन्नी-हातोडी नाही, आणि ड्रिल मशीनचा ठोका बंद ठेवायचा. आधी बोटांनी वाजवून बघायचं. भरीव आवाज म्हणजे वर लाकडी पट्टी, पोकळ म्हणजे जागा, आणि खडखडलं तर तिथलं पीओपी जाळी सोडून बसलंय, तिथे हात लावायचा नाही. मग ६ मि.मी.चं भोक पाडून काटकोनात वाकवलेली तार आत घालून गोल फिरवायची. अडली तर चार इंच सरकायचं. ते भोक बुजवायला चिमूटभर पीओपी पुरतं.

मोठी भोकं दोनच, ७५ मि.मी.ची. होल सॉ, म्हणजे मशीनला लावायची गोल करवत, हळू फिरवायचा, जाळी दिसली की थांबायचं आणि तारा पत्र्याच्या कात्रीनं एकेक कापायच्या. होल सॉ जाळीत अडकला तर मशीन मनगट पिरगाळतं आणि छतही ओढतं. लाइटच्या स्प्रिंगा असतात पातळ बोर्डासाठी. जाड पीओपीत त्या पुरत्या उघडत नाहीत, कड दाबत राहतात, कड चुरते आणि लाइट लोंबकळतो. त्या जिथे बसतात तेवढ्या दोन जागा मागून कानशीनं पातळ करायच्या आणि कडेला फेविकॉलचं पाणी पाजायचं. वायरमन म्हणेल गरज नाही. आहे.

आता माझा हट्ट. ड्रायव्हर, म्हणजे लाइटसोबतची ती पांढरी डबी, सगळे छतातच टाकतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ ला टेकतो, मग टिनाखालच्या त्या पोकळीत काय होत असेल! डबीतला कपॅसिटर उष्णतेनं वाळतो, लाइट लुकलुकतो आणि लोक नवा लाइट आणतात. म्हणून दोन्ही डब्या बाहेर, ओसरीत स्विचच्या वर, पीव्हीसी बॉक्समध्ये. पुढे बदलायची झाली तर शिडी नको, आणि न्हाणीच्या छतात जाईल ती फक्त कमी व्होल्टची डीसी. त्यासाठी आयसोलेटेड, म्हणजे आतून मेन लाइनपासून तोडलेले ड्रायव्हरच लागतात, ते मी बघून घेतलेत. एका लाइटला एकच ड्रायव्हर, लाल-काळी उलटी नको. आधी लाइट जोडायचा, मग करंट द्यायचा. चालू ड्रायव्हरला लाइट लावला तर एलईडी जागीच जळू शकतो. वायर २० मि.मी.च्या पाइपातूनच न्यायची, उंदरांचं तुम्हाला सांगायला नको.

लाइट ६ वॅटचे, आयपी ६५, म्हणजे धूळ आणि पाण्याचे शिंतोडे आत जात नाहीत. लावायच्या आधी टिनाच्या स्क्रूंचे वॉशर बघून घ्यायला सांगितलंय. वरून गळत असेल तर खालचा सगळा खर्च पाण्यात. लाइन गेली तरी उजेड राहील, जोडणी इन्व्हर्टरवर आहे. फक्त न्यूट्रल त्याच सर्किटचा घ्यायचा, दुसरीकडचा घेतला की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप बंद होणारा तो स्विच, सारखा पडेल.

आई, हे लाइट खोल बसणारे आहेत, नजरेत टोचत नाहीत. एक आरशाच्या जरा पुढे, एक तुझ्या पाटाच्या पुढे, म्हणजे बाबांच्या ऑपरेशनच्या डोळ्याला झळ नाही. न्हाऊ घालताना साबण डोळ्यात जाऊ नये म्हणून तू माझ्या कपाळावर आडवा हात धरायचीस ना, तसंच काहीसं. पाणी तापवणं, बादली, पाट, सगळं जिथल्या तिथे राहील. न्हाणी बंद फक्त दुपारपर्यंत. तुझं घंगाळ मात्र आदल्या रात्रीच बाहेर काढ, पीओपीची धूळ ओली झाली की धरून बसते. आणि झाडताना नाकाला पदर बांध. नुसता धरू नको, बांध.

जुना होल्डर काढायला सांगितलेलं नाही. तुमचा बल्ब राहू द्या.

बाबा, शिडीवर चढायचं नाही. धरायलाही जायचं नाही. मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही तेवढे तुमच्या हातानं बंद करा, टेस्टर लावून बघा आणि तो माणूस खाली उतरेपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसा. चहा तिथेच मागवा.

तुमची,
बेबी