वाडा पडला तरी खंदक जपायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नॉरफोकमधील ऑक्सबर्ग हॉल या खंदकाने वेढलेल्या पंधराव्या शतकातील वाड्याविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडला. मात्र इतक्या दिमाखाने उभे असलेले वाडे थोडेच आहेत. इंग्लंडमध्ये अशा खंदकवेढ्याच्या सुमारे ६,००० जागा ज्ञात असून त्यांतील कित्येक ठिकाणी झुडपांत बुजत चाललेला चर आणि मधोमध गवताचा उंचवटा एवढेच उरले आहे. मला काळजी वाटते ती या ओसाड जागांची.

खंदक म्हटला की आपल्याला भुईकोटाचा बंदोबस्त आठवतो. इथे मात्र तो शत्रूला अडवण्यापेक्षा घरमालकाची प्रतिष्ठा दाखवण्यासाठी असे. हे खंदक प्रामुख्याने १२५० ते १३५० या काळात खोदले गेले, आणि मी राहतो त्या सफोकमध्ये व शेजारच्या एसेक्समध्ये, जिथे चिकणमातीत पाणी सहज टिकते, तिथे ते दाटीने आढळतात. त्यांच्या तळाच्या ओल्या गाळात हवा पोहोचत नसल्याने लाकूड, चामडे, बिया आणि परागकण शतकानुशतके टिकून राहतात. त्या घरातील माणसे काय पिकवत व काय खात, हे सांगणारा पुरावा अनेकदा तेवढाच असतो. म्हणूनच पाण्याचा निचरा करणे किंवा हौसेने गाळ उपसून खंदक ‘स्वच्छ’ करणे हे मला भिंत पाडण्याइतकेच गंभीर वाटते.

उभ्या वाड्याला वारसा-इमारतींच्या यादीचा आधार मिळतो. ज्या जागी इमारतच नाही, तिथे मुख्य भिस्त १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्याखालील संरक्षित स्मारकांच्या सूचीवर असते आणि सर्व खंदक त्या सूचीत नाहीत. शिवाय सूचीतील जागेवरही पूर्वापार चालू असलेली नांगरणी ठरावीक अटींवर सुरू ठेवता येते. शेतकऱ्याला रास्त मोबदला देऊन ही सवलत बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एखादी जागा सूचीत घ्यावी, असा अर्ज ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या संस्थेकडे कोणीही करू शकतो. अंतिम निर्णय सांस्कृतिक खात्याचे मंत्री घेतात. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या वाचकांनी घराजवळचा खंदक सूचीत आहे का हे पाहावे आणि नसल्यास अर्ज करावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सफोक (इंग्लंड)