काका, तुमच्या त्या खोक्याबद्दल थँक्यू

काका, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हणायला गेलो की तुम्ही लगेच विषय बदलता म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितोय, आता बोला.

इंग्लंडच्या एफए अमॅच्युअर कपवर, म्हणजे तिथल्या फुटबॉल असोसिएशनच्या हौशी टीमसाठीच्या कपवर, लेख लिहायला घेतला तेव्हा माझ्याकडे नुसती विजेत्यांची यादी होती. 1894 ला पहिली फायनल, ओल्ड कार्थुशियन्सनी कॅज्युअल्सना 2-1 हरवलं, 1974 ला शेवटची, बिशप्स स्टॉर्टफर्डनी इलफर्डला 4-1. मधली 80 वर्षं काय झालं ते यादीवरून कसं कळणार? तुम्ही कात्रणांचं अख्खं खोकं पाठवून दिलंत, वर एकेक कात्रण घेऊन तास तास फोनवर बोलत बसलात.

सगळ्यात जास्त अडकलो ते 1954 च्या पाकिटात. क्रूक टाउन आणि बिशप ऑकलंड, दोन्ही डरहॅम काउंटीतली, एकमेकांपासून पाच-सहा मैलांवर, आणि फायनलसाठी जायचं कुठे तर लंडनला, वेम्बलीवर! तिथे 1 लाख लोकांसमोर 2-2, मग न्यूकॅसलला परत 2-2, शेवटी मिडल्सब्रोला क्रूकनी 1-0 ने मिटवलं. तिन्ही मॅचचं पब्लिक मिळून दोन लाखांच्या जवळपास, आणि खेळणारे ऑफिशियली बिनपगारी! प्रोग्रॅमच्या पिना गंजून कागदाला तांबडे डाग पडलेत आणि समासात कोणीतरी पेन्सिलने गोल लिहून ठेवलेत, ते बघून मी लेख बाजूलाच ठेवला होता.

बिशप ऑकलंडवर तुमचा जीव का आहे तेही कळलं. 1950, 1951, 1954 तिन्ही फायनल हरले आणि मग 1955, 56, 57 लागोपाठ जिंकले, एकूण 10 कप. 1951 ला त्यांना हरवणाऱ्या पेगाससचं, म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिजवाल्यांचं, कौतुक जरा जास्तच होतं असं माझं मत, तुम्ही हसाल. 1958 च्या म्युनिक विमान अपघातानंतर मँचेस्टर युनायटेडला माणसं कमी पडली तेव्हा हार्डिस्टी, लुइन आणि ब्रॅडली हे खेळाडू बिशप ऑकलंडमधूनच गेले. त्यातला ब्रॅडली पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या मेन टीमकडून खेळला, हे मला तुमच्यामुळे कळलं.

पण खरी मदत झाली ती पैशांच्या भानगडीत. 1885 ला प्रोफेशनल खेळाडूंना परवानगी मिळाली, मग एफए कपमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या मोठ्या कपमध्ये, हौशी टीमचं काही चालेना, म्हणून 1893 ला हा वेगळा कप काढला, इथपर्यंत सरळ होतं. नंतर खर्चाच्या नावाखाली पैसे, मॅचनंतर बुटात सापडणाऱ्या नोटा, सगळ्यांना माहीत आणि कोणी बोलत नाही, हे तुम्ही उलगडून सांगितलंत. शेवटी 1974 ला एफएने अमॅच्युअर-प्रोफेशनल हा भेदच काढून टाकला, सगळे नुसते 'प्लेअर', मग कप तरी कुणासाठी ठेवणार? मी 'कप बंद पडला' असं एका ओळीत उरकणार होतो, तुम्ही ते होऊ दिलं नाहीत.

खोकं या आठवड्यात परत पाठवतोय. 1957 चं पाकीट तेवढं ठेवून घेतलंय, स्कॅन व्हायचंय, ओरडू नका.